पळून जाताना सोबत काय नेलं?

मराठी समीक्षेत ‘पलायनवादी’ हा शब्द बहुतेक वेळा शिवीसारखाच येतो. एखादा सिनेमा किंवा कादंबरी लोकांना भयंकर आवडली आणि ती का आवडली याचा विचार करायचा कंटाळा आला, की हा शब्द चिकटवून मोकळं व्हायचं. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकर वादाच्या सावलीत वाढलेली ही सवय आहे. गंमत म्हणजे त्या वादातले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी १८ वर्षं शिरोड्यात शिक्षक होते. म्हणजे ज्या मुलुखात कार्तिकापासून गावोगावच्या देवळांपुढे लोक रात्रभर जागून दशावतार बघतात, त्याच मुलुखात. राक्षस, देव, मुकुट, तलवारी, पहाटेपर्यंत. हे पलायन म्हणायचं की जीवन? त्या वादाच्या दोन खणांपैकी कुठल्या खणात दशावतार ठेवायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मानसशास्त्रवाल्यांनी हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने धरला. फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या नॉर्वेतल्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पलायन मोजायची ११ वाक्यांची एक प्रश्नावली मांडली. त्यांचं म्हणणं, माणूस दोन तऱ्हांनी पळतो. एक, स्वतःला दाबत, म्हणजे डोक्यातली कटकट बंद व्हावी म्हणून. दुसरी, स्वतःला पसरत, म्हणजे काही चांगलं, नवं अनुभवावं म्हणून. करायची गोष्ट तीच असू शकते, धावणं किंवा गेम खेळणं. पहिल्या तऱ्हेचं नातं त्यांना एकूण असमाधानाशी दिसलं, दुसरीचं प्रसन्नतेशी. रात्री दोन वाजता रील सरकवणारा आपला अंगठा यातल्या कुठल्या बाजूला गुण मिळवेल, ते सांगायला नॉर्वेला जायची गरज नाही.

मला ही फूटपट्टी आवडते, कारण ती ‘कुठे पळालात’ यापेक्षा ‘कशासाठी पळालात’ हे विचारते. पण ती दशावताराला लावायला गेलो की अडचण येते. प्रश्नावली एकेकट्या माणसाच्या हातात असते. जत्रेतला प्रेक्षक एकेकटा नसतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक बाकडं, एक पडदा, पेटी, पखवाज, झांज. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतात. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार असतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात आणि मग काळ्या कपड्यांतला संकासूर. हा वेद पळवणारा राक्षस, शेवटी विष्णूच्या हातून मरायचाच. पण मरायच्या आधी तो मालवणीत गावाची हजेरी घेतो. देव पुस्तकी मराठी बोलणार, राक्षस आपल्या घरातलं बोलणार. रस्ता, वीज, मुंबयवरून इलेलो चाकरमानी, काहीच त्याच्या तोंडातून सुटत नाही. म्हणजे माणूस घरची कटकट विसरायला देवळापुढे येऊन बसतो, आणि ती कटकट काळी टोपी घालून समोर नाचत असते. सगळा गाव हसतो. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसतो, निदान हसल्यासारखं करतो. (आता बऱ्याच ठिकाणी वेळ नाही म्हणून आडदशावतार आटोपता घेतात किंवा गाळतात. ट्रिकसीन वाढले आणि संकासूर आखडला. हा तोटा मला फार मोठा वाटतो.)

नटांचंही तेच. ‘रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही म्हण या मुलुखात त्यांच्यासाठीच आहे. मुकुट उतरला की पेटारा उचलायचा. पळायची मुदत सूर्य उगवेपर्यंत, आणि ते कुणापासून लपवलेलं नाही.

म्हणून त्या ११ वाक्यांत मी एक भर घातली असती: ज्या गोष्टीपासून पळालात, तिचं नाव चारचौघांत घेणं नंतर सोपं झालं की अवघड? मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आणलं. दोनच वर्षांनी गिरणी संप झाला. गिरणगावातल्या कोकणी माणसाची तेव्हाची अस्वस्थता केवढी असेल. तरी तिकीट काढून लोक स्वतःच्याच भाषेला, स्वतःच्याच गावच्या फजितीला हसायला जात राहिले. शहरात जी बोली दाबून बोलायची, तीच मंचावरून मोठ्याने ऐकायची. हे दाबणं नव्हे. पसरणंच.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ चित्रपट. (न पाहिलेल्यांनी पुढचा भाग जपून वाचावा.) दृष्टी मंदावत चाललेला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री, त्याने आता थांबावं असं वाटणारा मुलगा माधव, आणि डोंगरावर टपलेली खाण. दिलीप प्रभावळकर बाबुलीचं शरीर ज्या तऱ्हेने वागवतात, त्यासाठी चित्रपट दोनदा बघावा. वेश चढला की तो डोळ्यांनी नाही, सवयीने बघतो. बाप-लेकाचा तो सगळा भाग खरा आहे, त्यात घरातली ओल आहे.

माधवच्या मृत्यूनंतर चित्रपट वेगळा होतो. बाप एकेका अवताराच्या रूपात सूड घेत जातो. थिएटरात रक्त उसळतं, माझंही उसळलं. पण दोडामार्ग तालुक्यात कळणे नावाचं खरं गाव आहे, तिथे खरी खाण आहे. जुलै २०२१ मध्ये तिथल्या खड्ड्याचा बांध फुटून चिखलाचं पाणी गावात घुसलं. खाणीला एक खलनायक नसतो. तिला सात-बारा असतो, जनसुनावणी असते, मंजुरीचे कागद असतात, हप्त्यावर ट्रक घेतलेला शेजारी असतो आणि त्याच ट्रकावर लागलेला आपला चुलतभाऊ असतो. खरी अस्वस्थता या चुलतभावात आहे, आणि सूडकथा सुरू झाली की त्याच्याकडे बघायचं कारणच उरत नाही.

कुणी म्हणेल, आख्यानातही शेवटी राक्षस मरतोच, मग चित्रपटाला वेगळा न्याय का? मरतो, खरं आहे. पण तो मेला यावर कुणाचाच विश्वास नसतो. पहाटे धयकालो झाला की राक्षस झालेला माणूस तोंडावरचा रंग पुसत तुमच्या शेजारी चहा पीत असतो आणि संध्याकाळी पुढच्या गावच्या जत्रेला जायचं असतं. तिथला संकासूर रोज मरून रोज उठतो, म्हणून लोकही पुन्हा जागायला येतात. चित्रपटातला दुष्ट मात्र एकदाच आणि कायमचा मरतो. आपण हलके होऊन पार्किंगकडे चालू लागतो.

माझ्या वाढीव प्रश्नाला या चित्रपटाचं उत्तर अर्धं-अर्धं येतं. मोठ्या पडद्यावर मालवणी घुमली, ‘खाण’ हा शब्द मराठी प्रेक्षकांसमोर मोठ्याने उच्चारला गेला, तेवढं नाव घेणं सोपं झालं. चुलतभावाचं नाव घेणं मात्र होतं तेवढंच अवघड राहिलं. येत्या जत्रेत एखाद्या गावात आडदशावतार पुरता खेळला जाणार असेल, तर संकासूर त्याचं नाव घेतो का, ते ऐकायला मला जागायचं आहे.