ग्रंथपरीक्षण : पॅलेस्टिनी राष्ट्रीयत्वाचीं साधनें

प्रो. रशीद खालिदी यांचा ‘पॅलेस्टिनियन आयडेंटिटी’ हा इंग्रजी ग्रंथ १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. विषय राजकीय वादाचा असला तरी ग्रंथाची बैठक दप्तराची आहे. म्हणून कागदपत्रांच्या शोधकांनीं त्याकडे दुर्लक्ष करूं नये. यरुशलेम येथें ग्रंथकर्त्याच्या घराण्याचें ग्रंथालय आहे. हाजी रागिब अल्-खालिदी यांनीं तें १९०० च्या सुमारास स्थापिलें. तेथील हस्तलिखितें, घरगुती पत्रें आणि तत्कालीन अरबी वृत्तपत्रें हीं ह्या ग्रंथाचीं महत्त्वाचीं साधनें होत. जुन्या वाड्यांतील रुमाल ज्यांनीं सोडले आहेत त्यांस त्यांचें मोल सांगावयास नको.

ग्रंथाचा सिद्धान्त असा कीं, तुर्की अमलाच्या अखेरीस तेथील माणूस एकाच वेळीं उस्मानी प्रजाजन, अरब, आपल्या धर्माचा, गांवाचा व कुळाचा होता. ह्या निष्ठांतच पॅलेस्टिनी भावना वाढली, व १९१७ ते १९२३ ह्या वर्षांत तिला निश्चित रूप आलें. प्रमाण ठळक आहे. १९१९ च्या आरंभीं यरुशलेमच्या परिषदेनें पॅलेस्टाईन हा सीरियाचा भाग मानिला. जुलै १९२० मध्यें फ्रेंचांनीं दमास्कस घेऊन फैसलचें राज्य मोडलें. त्याच डिसेंबरांत हैफाच्या परिषदेनें पॅलेस्टाईनपुरतें स्वतंत्र देशी सरकार मागितलें. दोहोंत पुरतीं दोन वर्षेंहि नाहींत. परंतु हैफाचें ‘अल्-कार्मिल’ (१९०८) व याफाचें ‘फिलस्तीन’ (१९११) हीं पत्रें पाहतां जमीन आधींच तयार होती, हें ग्रंथकर्त्यानें चांगलें दाखविलें आहे.

ह्यावरून ‘हें राष्ट्र कालपरवांचें, म्हणून लटकें’ असें अनुमान काढणारे निघतात. तें आम्हांस मान्य नाहीं. झायनिस्टांची पहिली परिषदहि बाझेल येथें १८९७ सालींच भरली. राष्ट्रभावना अर्वाचीन असणें आणि ती कृत्रिम असणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आमचा मुख्य आक्षेप साधनांच्या निवडीबद्दल आहे. शेतकऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि त्यांचा आवाज बहुधा दुसऱ्याच्या लेखणींतून येतो. १९१०-११ मधील अल्-फूलाचें प्रकरण घ्या. बैरुतच्या सुरसुक घराण्यानें गांव विकला, तेव्हां नासरेथचा कायमकाम शुक्री अल्-असली यानें विरोध केला. त्याचे लेख आपणांस मिळतात. उठविलेल्या कुळांचे नाहींत. ही उणीव भरून काढण्यास यरुशलेमच्या काजीच्या न्यायालयाचीं सोळाव्या शतकापासूनचीं दप्तरें व रम्ल्याचा सतराव्या शतकांतील मुफ्ती खैरुद्दीन याचे फतवे अधिक चाळावयास हवे होते. खैरुद्दीनाच्या लिखाणांत ‘फिलस्तीन’ हें नांव येतें. तें राष्ट्राचें नांव होतें असें नव्हे. परंतु प्रदेशाची ओळख ब्रिटिशांनीं प्रथम निर्मिली हें मत त्यानें ढासळतें.

युसुफ झिया अल्-खालिदी यांचें १ मार्च १८९९ चें पत्र समग्र वाचण्याजोगें आहे. झादोक कान ह्या फ्रेंच धर्मगुरूच्या द्वारें तें हर्झल यांस पोंचलें. त्यांत ज्यूंचा ह्या भूमीशीं असलेला ऐतिहासिक संबंध मान्य केला आहे. पण देशांत वस्ती आहे, म्हणून तो सोडावा, अशी विनंतीहि आहे. वाद घालणारे बहुधा ह्या पत्राचा अर्धाच भाग उचलतात. शान्तीच्या विचारास मात्र दोन्ही अर्ध्या भागांची गरज आहे.

हाच दोष पुढील राजपत्रांत दिसतो. १९१७ च्या बाल्फोरपत्रांत तेथील बहुसंख्य अरबांस नांवानें उल्लेखिलें नाहीं. ‘ज्यूतर समाज’ एवढीच त्यांची गणना. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रव्यवहारांत अराफात यांनीं इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. राबिन यांनीं पॅलेस्टाईन मुक्तिसंघटनेस त्या लोकांची प्रतिनिधि मानिलें, राज्याचा हक्क मानिला नाहीं. दोन मान्यतांचें वजन सारखें नव्हतें. अशा पायावर तह टिकणें कठीण होतें.

पुराव्याचें रक्षण हा आमच्या वाचकांचा विषय. १९४८ सालीं पश्चिम यरुशलेमच्या घरांतून सुमारें ३०,००० अरबी मालकीचीं पुस्तकें उचललीं गेलीं. १९८२ सालीं इस्रायली सैन्यानें बैरुतच्या पॅलेस्टाईन संशोधन केंद्राचें दप्तर नेलें. तें १९८३ सालीं कैद्यांच्या अदलाबदलींत परत मिळालें. डिसेंबर २०२३ मध्यें गाझाची जुनी उमरी मशीद उद्ध्वस्त झाली; तिच्या ग्रंथसंग्रहासहि झळ लागली. ज्या लोकांचें अस्तित्वच वादांत ओढलें जातें, त्यांचे कागद नष्ट होणें ही दुहेरी हानि आहे. वरील उणिवा ध्यानांत घेऊनहि ग्रंथ संग्राह्य आहे. ज्यूंच्या इतिहासाच्या एखाद्या तितक्याच साधार ग्रंथाबरोबर तो वाचावा, अशी आमची शिफारस आहे.