‘स्माइल पिंकी’ आणि वर्गातला एक प्रश्न

मेगन मायलन यांचा ‘स्माइल पिंकी’ हा ३९ मिनिटांचा माहितीपट २००८ सालचा. २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले, तेव्हा आपल्याकडेही त्याचे पुष्कळ कौतुक झाले. ते रास्तच होते. मिर्झापूर जिल्ह्यातली पिंकी जन्मापासून ओठ दुभंगलेली, म्हणून शाळेपासून आणि सवंगड्यांपासून दुरावलेली. वाराणसीला डॉ. सुबोधकुमार सिंह तिच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया करतात. गोष्ट एवढीच, पण ती कोठेही कीव करीत नाही. शिक्षकांनी हा माहितीपट अवश्य दाखवावा.

मात्र दाखवून झाल्यावर काय होते, ते सांगितले पाहिजे. कोल्हापुरात नववीच्या वर्गाला आम्ही तो दाखवला. एका मुलीने विचारले, “पण हे होतं कशानं?” आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच मागच्या बाकावरून उत्तर आले, “गिराणात आईनं काहीतरी चिरलं असंल.” कोणी हसले नाही. बहुतेकांना ते ठाऊकच होते.

या माहितीपटाची उणीव नेमकी येथे आहे. तो जन्मानंतर सुरू होतो. पिंकीचा ओठ शिवला जातो, पण तो तसा का होता याचे उत्तर प्रेक्षक घरून घेऊन येतो आणि घरी परत नेतो.

आमच्या मते यात आपल्या शब्दांचाही दोष आहे. ‘दुभंगलेला’, ‘फाटलेला’, ‘चिरलेला’ या सर्व शब्दांतून असे वाटते की, ओठ आधी अखंड होता आणि मग कशाने तरी कापला गेला. एकदा ‘चिरलेला’ म्हटले की विळी शोधणे आलेच! इंग्रजीतल्या ‘क्लेफ्ट’ची गतही निराळी नाही.

वस्तुस्थिती उलट आहे. आपणा सर्वांचा चेहरा सुट्या भागांपासून बनतो. गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात हे भाग पुढे सरकून एकमेकांस मिळतात. नाकाखालच्या खळीच्या दोन्ही कडा या सांध्यांच्या जागा होत. टाळूचे काम नंतरचे. (टाळू म्हणजे येथे तोंडाचे छत, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती नव्हे.) टाळूच्या दोन फळ्या प्रथम जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली बसते, फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात आणि मध्यभागी भेटतात. भेटीच्या जागेवरचा पेशींचा पातळ पडदा विरघळला की त्या एकजीव होतात. बाराव्या आठवड्यापर्यंत हे सारे आटोपते. जिभेचे टोक टाळूवर मधोमध फिरवून पाहा, सांध्याची रेघ लागते. मुलांना हे फार आवडते.

तेव्हा दुभंगलेली टाळू म्हणजे न सांधलेली टाळू. जनुके ही या कामाची सूचना देणारी. एखादी सूचना चुकली वा उशिरा पोचली की फट राहते. २००२ मध्ये ‘आयआरएफ-६’ नावाच्या जनुकातील बदलाचा छडा लागला. या बदलाने होणाऱ्या विकारात एकाच घरात एकाचा ओठ, दुसऱ्याची टाळू दुभंगलेली, तर तिसऱ्याच्या खालच्या ओठावर केवळ दोन बारीक खळगे असे आढळते. ते खळगे बापाच्या ओठावर असू शकतात आणि बोल मात्र आईला लागतो! अर्थात बहुतेक मुलांत असे एकच जनुक दोषी नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. त्यात आईचे धूम्रपान, फेफऱ्यावरची काही औषधे यांची भर पडते. म्हणूनच एकबीज जुळ्यांतही एकाला व्यंग असून दुसरे धडधाकट असू शकते. निरोगी आईबापांना असे एक मूल झाले, तर पुढच्या मुलाला ते असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच.

आणखी एक तक्रार. ओठाच्या एका शस्त्रक्रियेने सर्व काही मिटते, असा समज या माहितीपटामुळे होऊ शकतो. टाळू दुभंगलेली असेल तर तेवढ्याने भागत नाही. बोलणे लागण्यापूर्वी, साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, टाळूची शस्त्रक्रिया व्हावी लागते. पुढे वाचा-उपचार, कान आणि दात यांकडे लक्ष द्यावे लागते. गेंगाणे बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा त्याला मंद समजण्याची चूक आपल्याच हातून होते.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर एक गणित घातले. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी कोल्हापुरात खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. एक मूल मार्च २०२० मध्ये जन्मले. ग्रहणाच्या दिवशी त्याचा ओठ आणि टाळू कोणत्या अवस्थेत होती? मुलांनी बोटांवर महिने मोजले. दोन्ही सांधून तीन महिने उलटले होते, किंवा सांधायची राहून तेवढेच दिवस झाले होते. मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला आणि म्हणाला, “मग आमच्या आत्याला अजून का बोलत्यात?”