मृत्युंजय
शिवाजी सावंत (१९४०–२००२) यांची कर्णचरित्रावरील पौराणिक मराठी कादंबरी (१९६७). तिचे नऊ भाग असून त्यांपैकी चार स्वतः कर्णाच्या, तर उरलेले प्रत्येकी एक याप्रमाणे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण यांच्या निवेदनातून उलगडतात. अखेरचा भाग कृष्णाचा असल्याने कर्णाचा अंत प्रतिपक्षाच्या सारथ्याच्या मुखातून वाचकापुढे येतो. जन्मरहस्य जाणणारा वाचक व त्याविषयी दीर्घकाळ अनभिज्ञ असलेला नायक यांतील अंतर हे तिच्यातील कारुण्याचे मूळ होय. सूर्यप्रतिमांची आवर्तने व आलंकारिक भाषा यांमुळे निवेदन ओजस्वी झाले आहे.

या निवेदनपद्धतीतच कादंबरीची मर्यादाही आहे. तिचे निवेदक बहुतांशी कर्णाचे आप्त वा मित्र असून द्रौपदीला स्वतंत्र भाग नाही. महाभारताच्या सभापर्वात तिला ‘बंधकी’ म्हणणारा आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास सांगणारा कर्णच आहे. जिने तो अपमान सोसला, तिचेच निवेदन नसल्याने वाचकाचा कौल आधीच झुकतो. मूळ महाकाव्यातील कर्ण मात्र उद्योगपर्वात, पांडवांना उद्देशून काढलेल्या कटुवचनांबद्दल कृष्णापाशी खेद व्यक्त करतो. त्याची थोरवी दोषांसकट उभी राहते. इरावती कर्वे यांच्या युगान्त (१९६७) या लेखसंग्रहात त्याच कर्णाची परखड चिकित्सा आढळते. एकाच वर्षी आलेले हे ग्रंथ एकत्र वाचले असता सहानुभूतीला विवेकाची जोड मिळते.