पाण्याची शुद्धी आणि गाळाचा भार : सांडपाणी-प्रक्रियेच्या मानकांचे टीकात्मक परीक्षण (हुडकेश्वर, नागपूरच्या संदर्भात)

प्रस्तावना

हुडकेश्वर हे गाव 2013 मध्ये नरसाळ्यासह नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. गाव शहराचा भाग बनले की रस्ता, नळ आणि मलवाहिनी यांची अपेक्षा स्वाभाविकपणे निर्माण होते. मलवाहिनीमुळे घरातील घाण दृष्टीआड होते, नाहीशी होत नाही. जेथे मलवाहिनी पोहोचलेली नसते तेथे सेप्टिक टँकच्या तळाशी गाळ साचतो. जेथे ती पोहोचते तेथे तोच गाळ प्रक्रिया केंद्रात जमा होतो. नागपूरचे प्रमुख केंद्र भांडेवाडी येथे असून तेथील प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविले जाते. हा उपक्रम निश्चितच स्तुत्य होय. तथापि प्रक्रियेतून पाणी आणि गाळ असे दोन पदार्थ बाहेर पडतात आणि प्रशंसा मात्र एकाचीच होते. या दुसऱ्या पदार्थाच्या दृष्टीने प्रचलित मानकांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मानकांची एकांगी दृष्टी

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 13 ऑक्टोबर 2017 रोजी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी मानके अधिसूचित केली. त्यांत सामू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी, निलंबित घनपदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू या चार घटकांचा समावेश आहे. प्राणवायू मागणीची मर्यादा महानगरांसाठी दर लिटरला 20 मिलिग्रॅम व इतरत्र 30 मिलिग्रॅम ठरविण्यात आली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती 10 पर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला. हे चारही घटक बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात मोजावयाचे आहेत. गाळातील कॅडमियम, शिसे अथवा पारा यांचा या यादीत उल्लेखही नाही.

ही उणीव किरकोळ नाही. शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू घनकणांना चिकटतात व त्यांच्यासह तळाशी बसतात. पाण्याचे मानक जितके कडक, तितके अधिक घनकण पाण्यातून काढून गाळात अडकविले जातात. म्हणजेच पाण्याच्या कसोटीवर उत्तम ठरणारे केंद्र गाळाचा रासायनिक भार वाढवीत असते.

प्रक्रियेचा परिणाम

गाळावरील प्रक्रियेने सर्व प्रदूषके सारखीच कमी होतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल 100 किलो कोरडा गाळ घेऊ. त्यात दर किलोला 3.5 मिलिग्रॅम, म्हणजे एकूण 350 मिलिग्रॅम कॅडमियम आहे असे मानू. विनॉक्सी पाचनात 30 किलो सेंद्रिय पदार्थाचे वायूत रूपांतर झाले, तर 70 किलो गाळ उरतो. कॅडमियम मात्र 350 मिलिग्रॅमच राहते आणि त्याचे प्रमाण दर किलोला 5 मिलिग्रॅम होते. खत नियंत्रण आदेशातील शहरी कंपोस्टची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच आहे. पाचन जितके यशस्वी, तितका धातू तीव्र! उलट, त्याच गाळात भुसा मिसळल्यास आकडा खाली येतो. परंतु धातूचा एक कणही कमी होत नाही.

सेंद्रिय रसायनांची गत निराळी आहे. धुलाईच्या पावडरींत सर्रास वापरले जाणारे लिनिअर अल्किलबेन्झीन सल्फोनेट प्राणवायूच्या अभावी फारसे विघटित होत नाही, मात्र हवेशीर कंपोस्टिंगमध्ये होते. नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटच्या अर्धवट विघटनातून अधिक चिवट नॉनिलफिनॉल तयार होते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके गाळास घट्ट चिकटतात. अहमदाबाद येथे 2019 मध्ये सुरू झालेल्या केंद्रात कोबाल्ट-60 च्या किरणोत्साराने गाळातील रोगजंतू नष्ट केले जातात. ही आरोग्यदृष्ट्या मोलाची सोय आहे; परंतु किरणोत्साराने धातू नष्ट होत नाहीत. ‘निर्जंतुक’ आणि ‘निर्विष’ हे समानार्थी शब्द नव्हेत.

जमिनीचा विचार

सोनखताची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. परंतु सोनखतात माणसाच्या आहारातून आलेलेच पदार्थ असत. शहरी गाळात कारखाना, दवाखाना आणि धुलाई यांचाही वाटा असतो. गाळातील स्फुरद व सेंद्रिय कर्ब शेतीस उपयुक्त असल्याने तो सरसकट त्याज्य ठरविणेही योग्य नाही. विदर्भातील काळी जमीन अल्कधर्मी असल्याने कॅडमियम व जस्त तीत बरेचसे जखडून राहतात, असा युक्तिवाद केला जातो व तो अंशतः खराही आहे. परंतु जखडलेला धातू वर्षानुवर्षे साचतच जातो. शिवाय मॉलिब्डेनम अल्कधर्मी जमिनीतच पिकांना अधिक उपलब्ध होते आणि चाऱ्यावाटे गुरांना बाधते. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांत त्याची मर्यादा आहे. आपल्या शहरी कंपोस्टच्या धातूंच्या यादीत ते नाही. अर्थात अमेरिकेचे नियमही परिपूर्ण नाहीत. त्यांत धातूंवर भर होता. फ्लोरिनयुक्त चिवट रसायनांमुळे मेन राज्याला 2022 मध्ये शेतात गाळ पसरण्यावर बंदी घालावी लागली.

निष्कर्ष

प्रक्रिया केंद्राचे मूल्यमापन केवळ बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून करणे अपुरे आहे. केंद्रात आलेल्या प्रत्येक धातूचा हिशेब पाणी आणि गाळ या दोन्ही वाटांनी मांडला जावा. गाळाची मर्यादा दर किलोच्या प्रमाणाबरोबरच दर हेक्टरी वार्षिक भारातही ठरविली जावी. धातू नष्ट करता येत नसल्याने मुलामा देणाऱ्या व तत्सम कारखान्यांचे सांडपाणी मलवाहिनीत येण्यापूर्वीच रोखणे हाच खरा उपाय होय. हुडकेश्वरसारख्या नव्याने शहरात आलेल्या वस्त्यांत मलवाहिन्यांचे नियोजन करतानाच हे बंधन घालणे सोपे असते. गाळ शेतात पोहोचल्यावर त्याची किंमत शेतकऱ्याची जमीन मोजते.