माणूस पाहण्याला गुण किती?

फळ्यावर 'रत्नागिरी' लिहा आणि विद्यार्थ्यांना अक्षरे मोजायला सांगा. उत्तर येईल, चार. आता तोच शब्द संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहा. र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी : नऊ वेळा कळ दाबावी लागते. शिवाय 'गि'मधली वेलांटी डोळ्यांना ग च्या आधी दिसते, पण द्यावी लागते नंतर. जुन्या टंकलेखन यंत्रावर ती आधी दिली जाई. त्या यंत्रावर हात बसलेला लिपिक संगणकावर चुकला तर तो म्हणतो, "मला जमत नाही." मानव-संगणक आंतरक्रिया हे शास्त्र म्हणते, आधी दोष रचनेत शोधा.

हे शास्त्र विद्यापीठात कसे शिकवावे? एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासगटाने १९९२ साली त्यासाठी एक आराखडा मांडला. त्यात चार अभ्यासक्रम सुचवले होते : दोन संगणकशास्त्राचे, एक मानसशास्त्राचा आणि एक माहिती-व्यवस्थापनाचा. यंत्राइतकाच माणूसही अभ्यासाचा विषय आहे, ही त्यातली मोलाची गोष्ट. आमच्या मते त्याची मर्यादाही इथेच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात मानसशास्त्राचा विभाग सहसा नसतोच. मग माणसाचा भाग शिकवणार कोण?

रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठाच्या २०१६च्या सुधारित अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी 'ह्यूमन मशीन इंटरॅक्शन' हा विषय होता. तो ठेवला, त्याला प्रात्यक्षिकाची जोड दिली, हे स्वागतार्हच. पण विषयाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी परीक्षेला होते. ज्याला गुण, त्यालाच वेळ, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चांगल्या रचनेची तत्त्वे पाठ करून उत्तम गुण मिळवता येतात, आणि एकही माणूस यंत्रापुढे अडखळताना पाहिलेला नसतो. हे फळ्यावर पोहणे शिकवण्यासारखे आहे. दुसरे असे की, हा विषय अगदी शेवटच्या सत्रात आला. तोवर विद्यार्थ्याची प्रकल्प करण्याची पद्धत ठरून गेलेली असते.

माणूस पाहून काय साधते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पवईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी 'स्वरचक्र' हा कळफलक तयार केला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्रात त्याची स्वरयुक्त रूपे दिसतात. पहिलीत घोकलेली बाराखडीच इथे उपयोगी पडते. वापरणाऱ्याला आधीच काय येते, हे पाहिल्याशिवाय अशी रचना सुचत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हा विषय दुसऱ्या वर्षी आणावा. निम्मे गुण निरीक्षणवहीला द्यावेत. विद्यार्थ्याने एसटी स्थानकावर, मिरकरवाडा बंदरात, शाळेच्या कार्यालयात बसावे. संमती घेऊन, मध्ये न बोलता, माणूस यंत्रापुढे कुठे थांबला ते टिपावे. मग रचना बदलून पुन्हा पाहावे. वही तपासणे प्रश्नपत्रिकेपेक्षा कठीण आहे आणि गुण देण्यात मतभेद होतील, हे आम्हांला मान्य आहे. तरीही मोजायला सोपे तेवढेच शिकवायचे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

शाळेत याची सुरुवात आजही करता येईल. मुलांना आजीशेजारी बसवा, ती मोबाइल वापरत असताना पाहायला सांगा. अट एकच : मोबाइल तिच्या हातातून घ्यायचा नाही.