ओळखण्याची किंमत

मराठीत पुंजभौतिकीवर लिहिताना ‘गूढ’ हा शब्द जवळजवळ सक्तीचा झाला आहे. मांजर जिवंतही आणि मेलेलेही, कण इथेही आणि तिथेही, आणि शेवटी उपनिषदांकडे एक वळण. नांदेडला घरी बसून, मिळतील ते शोधनिबंध वाचत मी हा विषय शिकत आलो. माझी तक्रार या लेखनाच्या भाषेबद्दल नाही, हिशेबाबद्दल आहे. जिथे हे लेख हात जोडतात, नेमके तिथेच शास्त्राने आकडे मांडलेले आहेत.

दोन अवस्थांपैकी समोर कोणती आहे, एवढाच प्रश्न घ्या. एक फोटॉन दिला आहे. त्याचे ध्रुवीकरण उभे आहे किंवा 45 अंशांत तिरपे; दोन्ही शक्यता सारख्या. या अवस्था एकमेकींशी काटकोनात नाहीत, म्हणून कोणतेही उपकरण त्या बिनचूक वेगळ्या करू शकत नाही. आपला लेखक इथे ‘मानवी ज्ञानाची मर्यादा’ म्हणून थांबतो. कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात ती मर्यादा मोजण्याचे सूत्र दिले. सर्वोत्तम मापनाने 100पैकी सुमारे 85 वेळा उत्तर बरोबर येते, त्याहून जास्त नाही. दुसरी रीत इव्हानोविच, डीक्स आणि पेरेस यांनी 1987-88मध्ये दाखवली: चूक अजिबात करायची नाही, पण ‘सांगता येत नाही’ म्हणायची मुभा ठेवायची. मग 100पैकी सुमारे 29 वेळाच उत्तर मिळते, पण ते पक्के असते. लातूरच्या शिकवणीतल्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. ‘नीट’मध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, अंदाज ठोकायचा की गोल कोरा सोडायचा, हे तो रोज ठरवतो.

साधनांचा प्रश्न याच्या पुढचा, आणि मला जास्त मोलाचा वाटतो. परस्परांत गुंतलेल्या दोन कणांच्या चार ठरावीक अवस्थांना बेल-अवस्था म्हणतात. त्या एकमेकींशी काटकोनात असतात, त्यामुळे दोन्ही कण एकाच टेबलावर असतील तर चारही बिनचूक ओळखता येतात. आता एक कण नांदेडला ठेवा, दुसरा लातूरला पाठवा आणि मध्ये फक्त फोन ठेवा. दोघांनी एकच मापन करून उत्तरे सारखी की वेगळी हे फोनवर ताडून पाहिले, तर चारांचे दोन-दोनांचे गट पडतात. गटातल्या दोघींमधला फरक दुसऱ्या प्रकारच्या मापनात दिसला असता, पण पहिल्याच मापनात ती अवस्था मोडलेली असते. याहून हुशार एखादी युक्ती असेल असे वाटते. ती नाही. कोलकात्यातील सिबाशिष घोष, गुरुप्रसाद कर आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये सिद्ध केले की एकच जोडी हातात असेल तर फोनच्या आधाराने चारच काय, तीन बेल-अवस्थाही बिनचूक ओळखता येत नाहीत.

मग लागते काय? आधीच वाटून ठेवलेली आणखी एक गुंतलेली जोडी. तिच्या आधारे नांदेडच्या कणाची अवस्था लातूरच्या कणावर उतरवता येते. फोनवर दोन बिटांचा निरोप तेवढा द्यावा लागतो. मग लातूरला सगळे एकत्र मोजता येते. या व्यवहारात जादा जोडी खर्ची पडते, परत मिळत नाही. आमचे लेख गुंतण्याला दोन जिवांची ओढ म्हणतात. संशोधक ते रेशनच्या रॉकेलसारखे मापाने मोजतात.

सगळी अडचण गुंतण्यातच आहे असेही नाही. चार्ल्स बेनेट आणि सहकाऱ्यांनी 1999मध्ये अशा नऊ अवस्था दाखवल्या की त्यांपैकी एकही गुंतलेली नाही, सगळ्या एकमेकींशी काटकोनात, तरीही दोन गावच्या माणसांना त्या फोनवरून बिनचूक ओळखता येत नाहीत. हा निष्कर्ष मला बेल-अवस्थांपेक्षाही जास्त चक्रावणारा वाटतो, आणि मराठीत तो कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

हा हिशेब मराठवाड्याला परका नाही. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायची आहे. केंद्राने एप्रिल 2023मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. गुरुत्वीय लहर आली आणि न आली, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या दोन अवस्था, एकमेकींसारख्याच दिसणाऱ्या. त्या वेगळ्या करायला अमेरिकेतील लायगो 2019पासूनच्या निरीक्षणांत खास तयार केलेला प्रकाश वापरते. कार्लटन केव्ह्ज यांनी 1981मध्ये ही कल्पना मांडली होती: प्रकाशातली एका बाजूची अनिश्चितता दाबायची आणि दुसऱ्या बाजूची वाढू द्यायची. आरशांत, जोडण्यांत थोडा प्रकाश वाया गेला तरी हा फायदा घटतो, म्हणून प्रत्येक गळतीची नोंद ठेवावी लागते. औंढ्याबद्दल मराठीत मी जे वाचले, त्यात विश्वाचे रहस्य आहे, आइन्स्टाइन आहेत, जमीन संपादन आहे. ही गळती कुठे नाही.