नम्र नकार कोण ऐकतो?

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत परवानगीचा धडा बहुधा शिडीसारखा मांडलेला असतो. खालच्या पायरीवर 'कॅन', तिच्या वर 'कुड', मग 'मे', आणि अगदी वर, जिथे आता क्वचितच कोणी चढते, तिथे 'माइट'. परवानगी द्यायची तर 'शुअर' किंवा 'गो अहेड'. नाकारायची तर आधी आभार वा दिलगिरी, मग कारण. उघड 'नो' शक्यतो नको. 'मे आय कम इन, सर?' असे वर्गाच्या दारात उभे राहून विचारत आपल्याकडच्या कित्येक पिढ्या ही शिडी चढल्या. हा धडा चूक नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कथावाङ्मयात सापडतो, असे मला वाटते.

आधी व्याकरण पाहू. 'कुड' हे मुळात 'कॅन'चे भूतकाळी रूप. विनंती भूतकाळाच्या आडून केली की ती समोरच्याच्या अंगावर येत नाही, त्याला नाही म्हणायला जागा राहते. म्हणूनच हे रूप मागणाऱ्याचे आहे, देणाऱ्याचे नाही. 'कुड आय' असे विचारले तरी परवानगी 'यू कॅन' अशीच मिळते, 'यू कुड' अशी नव्हे. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला मागे सरकण्याचे कारण नसते. मराठीत 'बसू का?' या प्रश्नाला 'बसा ना' हे उत्तर पुरते. इंग्रजीत हाच व्यवहार सहायक क्रियापदांवर चालतो, आणि त्यांतच दोघांच्या जागा नोंदलेल्या असतात. पुस्तके शब्द शिकवतात, या जागांबद्दल बोलत नाहीत.

डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' 1837 पासून मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. इंग्लंडमध्ये 1834 चा नवा गरीब-कायदा तेव्हा ताजा होता. वर्कहाउसमधली उपाशी मुले चिठ्ठ्या टाकतात, ऑलिव्हरचे नाव निघते आणि तो पातळ पेज आणखी मागतो. त्याच्या वाक्यात 'प्लीज' आहे, 'सर' आहे. क्रियापद मात्र 'हवे आहे' असे सरळ आहे. व्याकरणाचा मास्तर म्हणेल, इथे 'कुड' हवे होते. पण ते असते तर काय बदलले असते? डोक्यात पळी बसली असतीच. कार्यकारी मंडळापुढे प्रकरण गेले असतेच, आणि या मुलाला नेणाऱ्यास पाच पौंड देऊ अशी जाहिरातही लागली असती. तिथे गुन्हा मागण्याच्या पद्धतीचा नाही, मागण्याचाच आहे. ज्याला मागण्याचा हक्कच नाही त्याची नम्रता कोणी मोजत नाही.

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (1813) हाच प्रश्न नकाराच्या बाजूने येतो. मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालायला येतो तो प्रसंग विनोदी म्हणून वाचला जातो. परवानगीच्या अंगाने वाचला तर तो बराच कडू लागतो. एकांतात बोलण्याची परवानगी कॉलिन्स एलिझाबेथच्या देखत तिच्या आईकडे मागतो, अत्यंत अदबीने. मुलीने तोंड उघडण्याआधी आई ती देऊन टाकते. मुलगी 'जाऊ नकोस' म्हणून विनवते, पण आई तिला तिथेच बसायला लावते. विचारले एकीला, प्रश्न दुसरीचा.

मग मागणी येते, आणि एलिझाबेथ पुस्तकातल्यासारखा नकार देते. मागणीबद्दल आभार मानते, हा आपला सन्मान आहे असे म्हणते, आणि स्वीकार अशक्य आहे हे स्पष्ट सांगते. कॉलिन्स तिचे प्रत्येक सौजन्य तिच्याविरुद्ध वापरतो. तरुण स्त्रिया पहिल्यांदा नाकारतातच, ही तर रीत, असे त्याचे म्हणणे. तिने नकार जितका सभ्य ठेवावा तितका तो होकाराची पूर्वतयारी ठरतो. ती नम्रपणा कमी करत शब्द अधिकाधिक उघडे करते, तरी काही उपयोग होत नाही. शेवटी ती बोलणेच सोडून बाहेर पडते. गरज पडली तर वडिलांकडे जायचे असे ती ठरवते, कारण त्यांच्या तोंडचा नकार तरी खोटी लाज म्हणून मोडीत काढता येणार नाही. वाक्य तेच राहिले असते, फक्त बोलणारा बदलला असता. माझ्या मते या प्रकरणाचा खरा विषय हा आहे.

इथे कोणी म्हणेल, कॉलिन्स मूर्ख आहे, त्यावरून नियम कसा काढता? मूर्ख आहेच. पण लाँगबोर्नची मालमत्ता उद्या त्याच्याकडे जाणार आहे, आणि त्याचा मूर्खपणा त्या भरवशावर उभा आहे. निर्धन मुलगी आपल्याला नाकारू शकते हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

मेलव्हिलच्या 'बार्टलबी'त (1853) बाजी उलटते. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीतला हा नकलनवीस मालकाने सांगितलेले काम नाकारतो, तेही 'मला हे न करणे अधिक पसंत' अशा धाटणीने. मालक विचारतो, म्हणजे करणार नाहीस? बार्टलबी ते दुरुस्त करून पुन्हा पसंतीवरच येतो. उद्धटपणा असता तर मालकाने त्याला हाकलले असते. या सौम्य शब्दापुढे त्याचा अधिकार लुळा पडतो. हळूहळू मालक आणि बाकीचे कारकूनही नकळत तोच शब्द वापरू लागतात. अखेर कचेरी मालकालाच हलवावी लागते. पण बार्टलबीचा विजय टिकत नाही. तो तुरुंगात जातो आणि तिथेच अन्न नाकारत मरतो.

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या की नम्रतेची मर्यादा दिसते. जिथे दोन्ही बाजूंना मागण्याचा आणि नाकारण्याचा हक्क मान्य आहे, तिथे 'कुड' आणि 'सॉरी' आपले काम चोख करतात. जिथे तो मान्य नाही, तिथे ते बोलणाऱ्याला वाचवत नाहीत. उलट एलिझाबेथसारखे अडकवतात. धड्यातला सगळा सराव मागणाऱ्याकडून आणि नाकारणाऱ्याकडून करून घेतला जातो, ऐकणाऱ्याकडून नाही. मुलांना 'मे आय' शिकवताना समोरच्याचे हळू आवाजातले 'नाही'देखील पूर्ण उत्तर असते, हेही शिकवायला हवे. कॉलिन्सला इंग्रजी उत्तम येत होते. त्याला कमी पडले ते एवढेच.